वस्तीत येणाऱ्या शाळेच्या गाडीबद्दल, वर्गातल्या बाईंकडून

आमच्या भागातल्या वस्त्यांमध्ये एका स्वयंसेवी संस्थेची बस येते आणि त्या बसमध्येच वर्ग भरतो. वस्तीतली माणसं तिला 'शाळेची गाडी' म्हणतात. या गाडीला देणगी द्यावी का, तिथे शिकवायला जावं का, असं ओळखीचे लोक मला अधूनमधून विचारतात. मी पुण्यात येरवड्याकडच्या मनपा शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गाला शिकवते आणि त्या गाडीत शिकलेली मुलं पुढे माझ्याकडे येतात, म्हणून विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. संस्थेचं नाव घालत नाही. अशा गाड्या आता बऱ्याच शहरांत चालतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू आहे.

मत आधीच सांगते. गाडी चांगली आहे आणि ती चालू राहिली पाहिजे, मी स्वतः तिला वर्गणी देते. पण 'आमच्या गाडीत इतकी मुलं शिकतात' हा आकडा माझ्या दृष्टीने अर्धाच आहे. त्यातली किती मुलं शाळेच्या पटावर आली आणि पुढच्या जूनमध्येही वर्गात दिसली, हे कळल्याशिवाय या सेवेची किंमत ठरवता येत नाही. गाडीत शिकवणाऱ्या ताई हे माझ्याइतकंच जाणतात. देणगीदारांच्या अहवालात मात्र पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

गाडी कशी आहे ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती रंगवलेली जुनी बस वाटते. आतली सगळी बाकं काढून टाकली आहेत. खाली चटया, चालकाच्या पाठीमागच्या पार्टिशनवर फळा, खिडक्यांच्या वर दोरीला चिमट्यांनी लावलेली मुलांची चित्रं. पुस्तकांच्या कप्प्यांना जाळी आहे, नाहीतर गाडी वळली की सगळी पुस्तकं खाली येतात. दोन पंखे इन्व्हर्टरवर चालतात. पायऱ्या मूळ बसच्या उंच पायऱ्यांपेक्षा एकाने वाढवल्या आहेत, त्यामुळे चार वर्षांचं पोरही स्वतः चढतं. ज्याने ही पायरी सुचवली त्याला वस्ती कळते. दाटीवाटीने बसवली तर पंचवीसेक मुलं मावतात, पण लिहायला लावायचं असेल तर वीसच बरी. एका ठिकाणी साधारण दोन तास थांबून गाडी पुढच्या थांब्याला जाते. आमच्याकडे एक थांबा नदीकाठच्या वस्तीजवळ आहे, दुसरा बांधकामाच्या साइटवर, जिथे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत.

पहिल्या थांब्याची वेळ सकाळी उशिराची आहे. मी सुरुवातीला विचारलं होतं की शाळेसारखी लवकर का नाही. ताई म्हणाल्या, "बाई, ही मुलं पहाटे आईबरोबर भंगार वेचायला जातात. अकराशिवाय वस्तीत परत येत नाहीत." मुलाच्या दिवसात शाळा कुठे बसेल हे आधी पाहिलं आणि मग वेळापत्रक केलं. आमच्या शाळेत हे शक्य नाही. आमची घंटा सगळ्यांसाठी एकाच वेळी होते.

गाडीची सगळ्यात मोठी बाजू मला वाटते ती धाकट्या भावंडांची. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर दहापैकी सात घरांत तिच्या कडेवर बसलेलं असतं. आई साइटवर घमेली उचलते, बाळाला कोण बघणार? मुकादमाला उचल फेडायची असते, आईला खाडा करता येत नाही. आमच्या शाळेत ती बाळाला घेऊन आली तर वर्गात बसवायची सोय नाही आणि नियमही आडवा येतो. गाडीत बाळाला मागच्या कोपऱ्यात गोधडीवर ठेवतात, त्याच्यापुढे लाकडी ठोकळे टाकतात, आणि ताई एका डोळ्याने त्याच्याकडे बघत अक्षरं घेतात. बाळ रडलं तर बहीण उठते, थोपटते, परत येऊन पाटीवर वाकते. कोणी तिला रागवत नाही. माझ्या वर्गात आज एक मुलगी आहे जी अशी शिकली. तिच्या धाकट्याला आता अंगणवाडीत घेतलंय, म्हणून ती माझ्यापर्यंत पोहोचली. मी तिला 'उशिरा आलेली' म्हणू देत नाही कोणाला.

शाळेने मुलांकडे जायचं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पालघरकडच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवल्या होत्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळाच कुरणावर गेली. मुंबईत रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केली आणि पुढे वर्ग चाकांवर चढवून रस्त्याकडेच्या मुलांपर्यंत नेला. ठाण्यात तीन हात नाक्याला उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये कंटेनरात सिग्नल शाळा उभी राहिली. ती जागची हलत नाही, पण मुलं जिथे गजरे आणि खेळणी विकत होती तिथेच शाळा भरवली हे तत्त्व तेच. हे सांगायचं कारण असं की फिरती शाळा म्हणजे तात्पुरती दया, असं समजणारे लोक मला भेटतात. ज्यांनी ही कामं उभी केली त्यांनी शिक्षणशास्त्राचा नीट विचार करून उभी केली आहेत.

आता शिकवण्याबद्दल. गाडीतून आलेल्या मुलाची मी माझ्या पद्धतीने चाचपणी करते. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, अशा चढत्या पायऱ्यांनी वाचायला देते. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत वापरतात तशीच ही पद्धत आहे आणि पाच मिनिटांत कळतं. गाडीतली मुलं बहुतेक वेळा शब्दांच्या पायरीवर पक्की असतात, काही परिच्छेद वाचतात. आणि जे वाचतात ते त्यांना कळलेलं असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या शाळेत पहिलीपासून नियमित येणारी काही मुलं अख्खा धडा घडाघडा म्हणतात आणि 'मग त्या मुलाने काय केलं?' विचारलं की गप्प होतात. गाडीतल्या ताई रोज एक गोष्ट सांगतात, मग मुलांना ती त्यांच्या शब्दांत सांगायला लावतात, आणि त्यातली वाक्यं फळ्यावर लिहून वाचून घेतात. वाचन तिथून सुरू होतं. म्हणून ही मुलं अर्थ शोधत वाचतात.

भाषेच्या बाबतीतही मी त्यांना मानते. साइटवरच्या मुलांत कोणी घरी कानडी बोलतं, कोणी गोरमाटी म्हणजे बंजारा समाजाची बोली, कोणी वडारी. कलबुर्गी-यादगीरकडची कुटुंबं आहेत, नांदेड-परभणीकडची आहेत. एका ताईंना गोरमाटी येते, त्या तांड्यातूनच आलेल्या आहेत. नवीन मुलाला त्या पहिले काही आठवडे त्याच्याच भाषेत बोलू देतात, मराठी हळूहळू आत येते. माझ्याकडे असं मूल थेट आलं तर ते महिनाभर तोंडच उघडत नाही. मला पुष्कळदा त्या ताईंची एक तासभर तरी मदत हवी असते.

गणितात मात्र एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती मी माझ्या वर्गात बदलली आहे. सिग्नलला फुगे विकणारा मुलगा तीन फुग्यांचे पैसे घेऊन शंभराच्या नोटेतून उरलेले पैसे चुटकीसरशी परत देतो. त्याच मुलाला वहीत हातच्याची वजाबाकी घाला, तो अडकतो. हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं. बाजारातली मुलं तोंडी व्यवहार अचूक करतात आणि कागदावरच्या उदाहरणांत मागे पडतात. उलट फक्त शाळेत शिकलेल्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. म्हणजे हुशारी दोन्हीकडे आहे, मधला पूल कोणीतरी बांधायला हवा. गाडीतल्या ताई तो बांधताना मी पाहिलं आहे. खोट्या नोटा आणि नाणी घेऊन दुकान मांडतात. मुलगा तोंडी हिशेब करतो. मग त्या विचारतात, "तू डोक्यात काय केलंस ते सांग." तो म्हणतो, "आधी साठ केले, मग चाळीस राहिले." तेच त्या फळ्यावर मांडतात, त्याच्याच क्रमाने, आणि उभी मांडणी त्यानंतर येते. मुलाला पहिल्यांदा कळतं की वहीतली वजाबाकी त्याला आधीपासून येत होती. मी आता माझ्या वर्गात सगळ्यांसाठीच असं दुकान मांडते.

इथपर्यंत सगळं कौतुक झालं. आता जिथे माझं गाडीवाल्यांशी भांडण आहे ते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण देऊन बरोबर आणायला हवं, असं कायदा म्हणतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीची नोंद, काहीच नसेल तर पालकांचं स्वतःचं निवेदनही चालतं. पण प्रत्यक्षात काय होतं? आई मुलाला घेऊन शाळेच्या दारात येते, कोणीतरी म्हणतं आधार कार्ड आणा, जन्मदाखला आणा, आणि ती परत जाते. गावाकडे जाऊन दाखला आणायचा म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. ती पुन्हा येत नाही. अशा वेळी गाडीतल्या ताईंनी तिच्याबरोबर शाळेत यायला हवं, मुख्याध्यापकांसमोर बसायला हवं, कायद्यातलं कलम दाखवायला हवं. आमच्याकडच्या एक ताई हे करायच्या. निवेदनाचा मजकूर त्या घरूनच लिहून आणायच्या, आई फक्त अंगठा द्यायची. त्या होत्या तोवर मुलं माझ्याकडे येत राहिली.

मग त्या गेल्या. मानधन इतकं कमी होतं की घर चालेना, त्या एका खासगी बालवाडीत लागल्या. नंतर आलेल्या मुली मनापासून शिकवतात, पण 'शाळेत पोहोचवणं' हे त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेलंच नाही. परिणाम असा की काही मुलं वर्षानुवर्षं गाडीतच राहिली. गाडीत आवडतं, ओळखीची ताई असते, कोणी उशिरा आल्याबद्दल बोलत नाही, मग शाळेत कशाला जायचं? मुलाच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. पण दोन तासांचा वर्ग म्हणजे शाळा नव्हे. गाडीत मैदान नाही, चौथीनंतरचं विज्ञान नाही, वरच्या वर्गात जाण्याचा रस्ता नाही. दुपारचा पोषण आहार नाही. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळाचं जेवण मिळायला हवं असं प्रमाण ठरलेलं आहे. गाडीतल्या मुलाचा तो घास बुडतो. बारा वर्षांची मुलगी अजून गाडीत परिच्छेद वाचत बसलेली मी पाहिली आहे आणि मला ते सहन झालं नाही. तिच्या वयाला सहावी-सातवीचा वर्ग हक्काने तिचा आहे.

संस्थेच्या लोकांना मी हे बोलले. त्यांचं म्हणणं, शाळा या मुलांना सांभाळून घेत नाहीत, आम्ही पाठवतो आणि दिवाळीपर्यंत ती गळतात. यात तथ्य आहे. मुलं गळतात, माझ्याही वर्गातून गळली आहेत. दिवाळीला गावी जातात, तिकडे ऊसतोड किंवा वीटभट्टीचं काम मिळालं की परत येत नाहीत. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक असतं, ते दिलं तर पुढच्या गावातल्या शिक्षकाला निदान कळतं की हे मूल कुठवर आलं आहे. ते देण्याची आठवण मला करून देणारं कोणी तरी वस्तीत हवं, कारण कुटुंब निघाल्याचं मला आठ दिवसांनी कळतं आणि गाडीला त्याच दिवशी. म्हणजे मूल शाळेत आलं तरी गाडीने त्याला सोडायचं नाही. आठवड्यातून एकदा घरी डोकवायचं, दोन दिवस शाळेत आलं नाही की मला फोन करायचा. दुसऱ्या एका भागात काम करणाऱ्या गाडीच्या ताई असं करतात, तिथल्या शिक्षिका माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांच्याकडे मुलं टिकली आहेत. तेव्हा हे अशक्य नाही.

बाकीच्या उणिवा थोडक्यात. गाडीत शौचालय नाही. लहान मुलं कुठेही जातात, मोठ्या मुली घरी जातात आणि गेल्या की बऱ्याचदा परत येत नाहीत. उन्हाळ्यात पत्रा तापतो. एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही, आणि झाडाखाली लावावी तर वाहतूक पोलीस हटकतात. पावसाळ्यात नदीला पाणी सोडलं की वस्तीतला थांबाच बंद होतो. गाडी आरटीओच्या पासिंगला किंवा दुरुस्तीला गेली की वर्ग बंद, आणि हे मला सगळ्यात खटकतं. मुलं ठरलेल्या जागी येऊन उभी राहतात. रस्त्याकडे बघत बसतात. या मुलांच्या आयुष्यात दिलेला शब्द पाळणारी माणसं आधीच कमी आहेत. गाडी नसेल त्या दिवशी ताईंनी चटई आणि पाटी घेऊन पायी यावं, समाजमंदिराच्या ओट्यावर बसावं. माझं हे मागणं त्यांनी अलीकडे ऐकलं आहे. आता तसं होतं, आणि हजेरी पूर्वीसारखी तुटत नाही.

चालकदादांबद्दल वेगळं लिहायला हवं. संस्थेच्या पत्रकात त्यांचा उल्लेख नसतो. पण गाडी आली की हॉर्न न वाजवता वस्तीत फिरून घराघरातून मुलं गोळा करणारा माणूस तोच. दारू पिऊन येणाऱ्या बापाला बाहेरच्या बाहेर समजावणारा तोच. शिकवणाऱ्या ताई बदलल्या, हा माणूस टिकला, म्हणून वस्तीचा गाडीवरचा विश्वास टिकला. त्यांचा पगार वाढवा, असं मी संस्थेला लेखी कळवलं आहे.

आणि पाहुण्यांबद्दल. कंपन्यांतून लोक येतात, मुलाचा वाढदिवस गाडीत साजरा करतात, केक कापतात, फोटो काढतात. हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशीचा वर्ग बुडतो, आणि मुलांना ओळीत उभं करून 'थँक्यू दादा' म्हणायला लावतात ते मला बघवत नाही. या मुलांना जे मिळतंय तो त्यांचा हक्क आहे, कोणाचे आभार मानायची गरज नाही. यायचंच असेल तर शनिवारी या, एका मुलाशेजारी बसून त्याच्याकडून गोष्ट वाचून घ्या, आणि फोन खिशात ठेवा.

देणगी देण्याआधी संस्थेला काय विचारावं, हे मला लोक विचारतात. मी सांगते, गाडीच्या रंगाबद्दल आणि आतल्या टॅबबद्दल विचारू नका. गेल्या वर्षी गाडीतून किती मुलांना कुठल्या शाळेत घातलं, ते विचारा. त्यातली आज किती जातात, हे त्या शाळेच्या शिक्षकांना फोन करून पडताळता का, ते विचारा. ताईंना मानधन किती देता आणि त्या सरासरी किती टिकतात, हेही विचारा. उत्तर टाळलं तर थांबा. उत्तर कमी आकड्याचं पण खरं असेल, तर निःशंक द्या, आणि 'ही रक्कम ताईंच्या मानधनासाठी' असं लिहून द्या. डिझेलला आणि पुस्तकांना देणारे मिळतात, मानधनाला मिळत नाहीत.

सध्या आमच्याकडच्या गाडीला बांधकामाच्या साइटजवळ सावलीची जागा हवी आहे, जिथे दुपारी दोन तास उभी राहता येईल आणि मुलींना शौचालय वापरता येईल. जवळच्या दोन सोसायट्यांना विचारून झालं, वॉचमनने आत सोडलं नाही. त्या भागात कोणाची सोसायटी असेल, कमिटीत कोणी ओळखीचं असेल, तर मला निरोप द्या. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी जागा मिळाली तर या वर्षीच्या प्रवेशाची मुलं तिथेच तयार करता येतील.